हाताची साक्ष आणि कागदाची नोंद

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील नेवासें तालुक्यांत सोनई हें मोठें गांव आहे. त्याच्या शेजारींच शिंगणापूर असून तेथील उघड्या चौथऱ्यावरील शनीच्या शिळेवर भाविक तेल वाहतात. देवाला तेल वाहणाऱ्या या मुलखांत माणसाच्या अंगालाही तेल कमी लागत नाहीं. तान्ह्या मुलाला पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी बाई, बाळंतिणीचें अंग चोळून शेक देणारी सुईण, तालमींत जोडीदाराच्या मांड्या रगडणारा पहिलवान, मुरगळलेला घोटा तेल लावून चोळणारा हाडवैद्य, हीं माणसें दक्षिणेंतील कोणत्याही गांवाप्रमाणें या टापूंतही पिढ्यान्‌पिढ्या वावरत आलीं आहेत.

या सर्वांच्या हातांना कांहीं तरी कळत असतें. चोळतां चोळतां हात एके ठिकाणीं थांबतो. तेथें स्नायु दोरीसारखा ताठ लागतो, किंवा कातडी भोंवतालच्यापेक्षां ऊन लागते, किंवा बोट टेकतांच निजलेला माणूस अंग चोरतो. पुढचा सारा उपचार या कळण्यावर अवलंबून असतो. जोर किती लावावा, कोठें मुळींच दाबूं नये, केव्हां हात आवरून रोग्याला दवाखान्याची वाट दाखवावी, हें हातच सांगतो. परंतु हात जें सांगतो तें लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे फार उशिरां पडली. मर्दनाचा इतिहास जुना व मोठा आहे. मर्दन करणाऱ्या हाताला काय आढळलें याच्या नोंदीचा इतिहास त्यामानानें अगदीं अलीकडचा व लहान आहे. पण माणसांचे हातपाय कायमचे लुळे होण्यापासून वांचविण्याचें काम या लहान इतिहासानेंच अधिक केलें आहे.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत स्पर्शपरीक्षेला मानाचें स्थान आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत रोग जाणण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत: आप्तांचा उपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. प्रत्यक्षासाठीं वैद्यानें जिव्हेखेरीज आपलीं सर्व इंद्रियें वापरावीं आणि रोग्याच्या शरीराचा स्वाभाविक व बिघडलेला स्पर्श हातानें पाहावा, असा तेथील अभिप्राय आहे. सुश्रुतानें पांच इंद्रियें आणि सहावा प्रश्न अशी सहा प्रकारची परीक्षा सांगून स्पर्शानें कळणाऱ्या गुणांचीं नांवेंच दिलीं आहेत: थंड व ऊन, गुळगुळीत व खरखरीत, मऊ व कठीण. ज्वर, सूज इत्यादि विकारांत हे गुण पाहावयाचे असतात. वैद्यमंडळींत पुढें फार प्रचार पावलेल्या योगरत्नाकरांत नाडी, मूत्र, मळ, जीभ, शब्द, स्पर्श, डोळे व आकृति या आठ परीक्षा एकत्र आल्या असून, पित्ताचा रोगी हाताला ऊन, वाताचा थंड आणि कफाचा ओलसर लागतो, असें तेथें थोडक्यांत सांगितलें आहे.

याहून विलक्षण प्रकरण चरकाच्या इंद्रियस्थानांत आहे. त्याचें नांवच परिमर्शनीय, म्हणजे हात फिरवून पाहण्याविषयींचें. रोग्याचें आयुष्य किती उरलें आहे हें स्पर्शावरून कसें ओळखावें, हा त्याचा विषय. परीक्षा करणाऱ्याचा स्वतःचा हात प्रकृतिस्थ असावा, किंवा परीक्षा दुसऱ्याकडून करवावी, अशी पहिली व्यवस्था तेथें लावून दिली आहे. नंतर चिन्हें येतात: जे भाग सदैव स्फुरण पावतात त्यांचें स्फुरण थांबणें, जे नेहमीं ऊन असतात ते थंड पडणें, मऊ असतात ते ताठणें, गुळगुळीत असतात ते खरखरीत होणें. रोग्याचीं बोटें ओढून तीं मोडतात कीं नाहीं हें पाहण्यासही सांगितलें आहे. बोटें वाजलीं नाहींत तर चिन्ह वाईट समजावें. अंग रगडणाराच्या रोजच्या संवयींतील बोटें मोडणें येथें परीक्षेचें साधन झालें आहे. यांतील भविष्यकथनावर आजचें वैद्यक विश्वास ठेवणार नाहीं. तथापि हात हें मोजण्याचें उपकरण आहे, आणि मोजण्यापूर्वीं तें उपकरण स्वतः ठीक आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे, हा त्या व्यवस्थेच्या मुळाशीं असलेला विचार आजही खरा आहे.

मर्दनाच्या कालाचेंही गणित जुन्यांनीं मांडलें होतें. सुश्रुताचा टीकाकार डल्हण यानें तेल रोमांच्या मुळांशीं पोंचण्यास ३०० मात्रा आणि पुढें एकेक धातु ओलांडीत मज्जेपर्यंत पोंचण्यास ९०० मात्रा लागतात असें म्हटलें आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत राजाच्या स्नानाच्या वर्णनांत अभ्यंगाचाही विचार आला आहे. सारांश, स्पर्शाला शब्द होते, मर्दनाला काल होता, शास्त्राला व्यवस्था होती. परंतु हीं सर्व वर्णनें सामान्य माणसाचीं आहेत. अमक्या गांवचा अमका रोगी, त्याच्या उजव्या खांद्याला अमक्या तिथीस अमुक आढळलें, महिन्यानें पुन्हां पाहिलें तेव्हां अमुक फरक दिसला, अशी व्यक्तीची हकीकत या ग्रंथांत येत नाहीं. शास्त्र ग्रंथांत राहिलें आणि रोगी वैद्याच्या स्मरणांत राहिला. वैद्य गेला म्हणजे त्याचे सर्व रोगी त्याच्याबरोबर गेले.

या बाबतींत चीनमधील एक जुनें उदाहरण उद्बोधक आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत छुन्‌यू यी नांवाच्या वैद्याला राजाज्ञेनें त्याच्या विद्येचा हिशेब विचारण्यांत आला. त्यानें उत्तरादाखल पंचवीस रोग्यांच्या हकीकती दिल्या: रोगी कोण, नाडीवर बोटें ठेवतां काय आढळलें, त्यावरून काय निदान केलें, आणि शेवटीं रोगी वांचला कीं मेला. सिमा छ्येन या इतिहासकारानें तें उत्तर आपल्या ग्रंथांत घेतलें म्हणून तें टिकलें. हाताला लागलेली गोष्ट आणि पुढें घडलेली गोष्ट एकाच कागदावर आल्या, म्हणजे हात खरा बोलला कीं खोटा हें तिऱ्हाइतालाही पाहतां येतें. नोंदीचा पहिला गुण तो हाच.

महाराष्ट्रांत लिहिण्याची संवय नव्हती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मराठेशाहीच्या दप्तरांत मोडी लिपींतील कागदांचे रुमालच्या रुमाल भरलेले आहेत. शिलेदाराच्या घोड्याची किंमत गणतीच्या वेळीं ठरवून लिहिली जाई, कारण घोडा लढाईंत पडला तर भरपाईचा प्रश्न येई. जेथें देणेंघेणें होतें तेथें लेखणी पोंचली. घोड्यावरून पडून ज्याचा खांदा निखळला त्या स्वाराच्या सांध्याची हकीकत लिहिण्याचें कारण कोणाला पडलें नाहीं. शिवाय अंग चोळण्याचें काम ज्यांच्याकडे होतें, तो न्हावी, ती सुईण, तो तालमींतील वस्ताद, यांची विद्या हातानें हाताला शिकविली जाई. त्यांपैकीं बहुतेकांना अक्षरओळख करून घेण्याची संधि समाजानेंच दिलेली नव्हती. ज्यांना स्पर्श कळत होता त्यांच्या हातीं लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हातीं लेखणी होती ते अंगाला हात लावण्याचें काम कमी प्रतीचें समजत, अशी ही दुहेरी अडचण होती.

तरीही या लोकांची भाषा गरीब नव्हती. पाठीत उसण भरते, पाय लचकतो, मान आखडते, पोटरींत गोळा येतो, शीर चढते, पोटांत वाटी सरकते; कळ निराळी, ठणका निराळा, चमक निराळी आणि बधिरपणा निराळा. ह्या प्रत्येक शब्दामागें स्पर्शाचा किंवा वेदनेचा एक अनुभव आहे. अडचण इतकीच कीं, त्यांचा अर्थ गांवोगांव आणि हातोहातीं बदलतो. एकाची उसण ती दुसऱ्याची चमक. रोग्याला आंतून जें जाणवतें आणि चोळणाराला बाहेरून जें हाताला लागतें, त्या दोहोंना एकच शब्द लावला जातो. ‘वाटी सरकली’ या शब्दांत तर रोग्याची तक्रार, हाताची परीक्षा आणि रोगाचें कारण हीं तिन्ही एकत्र बांधलेलीं आहेत. ती गांठ सोडविल्यावांचून नोंद करणें शक्य नसतें.

युरोपांत ही गांठ हळूहळू सुटत गेली. १७६१ मध्यें व्हिएन्नाच्या औएनब्रुगर या वैद्यानें रोग्याच्या छातीवर बोटांनीं ठोकून निघणाऱ्या आवाजावरून आंतील विकार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तो खाणावळवाल्याचा मुलगा होता, आणि पिंपांत दारू कोठवर आहे हें ठोकून पाहण्याची घरची संवय त्याच्या उपयोगीं पडली असें सांगतात. त्याचें विशेष काम असें कीं, जिवंतपणीं बोटांना जें आढळलें तें मृत्यूनंतरच्या शवपरीक्षेशीं त्यानें ताडून पाहिलें. पुढें १८१३ मध्यें स्टॉकहोम येथें लिंग यानें व्यायामशिक्षणाची संस्था काढली, आणि व्यायामाबरोबर मर्दनालाही पद्धतशीर शिक्षणाचें रूप येऊं लागलें.

परंतु मर्दनाच्या धंद्याला नियमांत आणणारी घटना लंडनमध्यें घडली. मालिशीच्या नांवाखालीं अनीतीचे अड्डे चालतात असा बोभाटा १८९४ सालीं तेथील वैद्यकीय पत्रांत झाला. तेव्हां शुश्रूषेचें शिक्षण घेतलेल्या चार बायांनीं पुढें होऊन शिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापिली. वैद्याच्या सांगण्यावांचून कोणावर मर्दन करूं नये, सर्वसाधारण वर्तमानपत्रांत जाहिरात देऊं नये, औषधें विकूं नयेत, असे कडक नियम त्यांनीं स्वतःवर घालून घेतले. वैद्यानें सांगावयाचें आणि यांनीं करावयाचें असें ठरल्यामुळें, काय केलें व काय आढळलें हें वैद्याला परत कळविणें ओघानेंच आलें. १९२० मध्यें या संस्थेला राजाची सनद मिळाली व १९४४ मध्यें तिनें फिजिओथेरपी हें नांव धारण केलें. अब्रू राखण्यासाठीं घातलेल्या नियमांतून एक शास्त्रीय व्यवसाय उभा राहिला.

हाताच्या साक्षीला आंकडा मिळाला तो मात्र पोलिओच्या सांथींमुळें. अमेरिकेंत बोस्टनचे डॉक्टर लोव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिना राइट यांनीं १९१२ च्या सुमारास लुळ्या पडलेल्या स्नायूंची शक्ति ठरविण्याची रीत बसविली. तिचा आधार पृथ्वीचें गुरुत्वाकर्षण हा होता. हात उचलतांना स्वतःच्या वजनावर मात करतां येते कीं नाहीं, हा प्रश्न बोस्टनमध्यें विचारला काय किंवा बारामतींत विचारला काय, त्याचें उत्तर एकच येतें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, गोळ्यांनीं मज्जातंतु तुटलेल्या सैनिकांची तपासणी करतांना, ब्रिटिश वैद्यांनीं शून्यापासून पांचापर्यंतची सुटसुटीत पायरी रूढ केली. बोट ठेवूनही स्नायूंत हालचाल लागत नसेल तर ०. नुसती थरथर लागत असेल तर १. वजनाचा अडथळा काढून घेतल्यावर अवयव हलला तर २. वजनाविरुद्ध उचलला गेला तर ३. परीक्षकाच्या हाताचा थोडा विरोध सोसला तर ४. आणि निकोपाप्रमाणें असेल तर ५. यांतील पहिल्या पायऱ्या बोटांनाच कळतात आणि चौथी परीक्षकाच्या हाताच्या दाबावरच ठरते. हाताचें महत्त्व कमी न होतां त्याची साक्ष दुसऱ्याला वाचतां येईल अशी झाली.

आतां महाराष्ट्राकडे वळावें. सोनईहून सर्वांत जवळचें वैद्यकशिक्षणाचें जुनें स्थान म्हणजे नगर शहरांतील आयुर्वेद महाविद्यालय. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनीं तें १९१७ मध्यें स्थापिलें. औषधींच्या गुणधर्मांवरील त्यांचा ग्रंथ वैद्यवर्गांत मान्य आहे. गुरूच्या घरीं राहून शिकण्याच्या परंपरेंतील विद्या शाळेच्या वर्गांत आली, तेव्हां एका अदृश्य बदलाला आरंभ झाला. वर्गांत अनेक विद्यार्थी असतात आणि रोगी एकच असतो. एकानें पाहिलेलें दुसऱ्याला सांगण्यासाठीं तें बोलून दाखवावें लागतें आणि परीक्षेसाठीं लिहून दाखवावें लागतें. १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यवसाय कायद्यानें वैद्य-हकिमांच्या नोंदणीची सोय झाली, आणि खाजगी विद्या सार्वजनिक जबाबदारीच्या कक्षेंत आली. याच काळांत बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ पासून १९४९ पर्यंत प्रसिद्ध करून तालमींतील पुष्कळ तोंडी विद्या छापून ठेविली. मर्दनाची कृति अशा रीतीनें कागदावर येऊं लागली. मर्दन झालेल्या माणसाची हकीकत अद्याप कागदावर यावयाची होती.

ती वेळ मुंबईंत आली, आणि ती आणली लहान मुलांच्या लुळ्या पायांनीं. श्रीमती फातेमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला होता. त्या अनुभवांतून त्यांनीं १९४७ मध्यें अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठीं संस्था उभारली. फलटणच्या निंबकर घराण्यांत आलेल्या मूळच्या अमेरिकन कमलाबाई निंबकर यांनीं के. ई. एम. रुग्णालयांत १९५० मध्यें व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. ती या देशांतील पहिली होय. मुंबईंत पोलिओची मोठी सांथ आली तेव्हां जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार व मुंबई महापालिका यांच्या सहकार्यानें त्याच रुग्णालयांत फिजिओथेरपीची पहिली भारतीय शाळा १९५० नंतरच्या एकदोन वर्षांत निघाली.

पोलिओच्या उपचारांत स्नायूंचा तक्ता हें मुख्य साधन असतें. कागदाच्या मध्यभागीं स्नायूंचीं नांवें, एका बाजूस डावें अंग, दुसऱ्या बाजूस उजवें, आणि प्रत्येक तपासणीच्या तारखेखालीं शून्यापासून पांचापर्यंतचा आंकडा. पहिल्या तक्त्यावरून फारसें कांहीं कळत नाहीं; मूल लुळें आहे हें आईला आधींच ठाऊक असतें. दुसऱ्या व तिसऱ्या तक्त्यापासून कागद बोलूं लागतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचा १ चा २ झाला, पण घोटा वर उचलणारा स्नायु महिनोन्‌महिने शून्यावरच आहे, हें दिसलें म्हणजे व्यायाम कोठें वाढवावा, पायाला आधाराची पट्टी कोठें बांधावी, हें ठरतें. रोज मूल चोळणाऱ्या आईला इतका बारीक फरक स्मरणांत ठेवतां येत नाहीं. तिला सुधारणा आशेमुळें दिसते किंवा निराशेमुळें दिसत नाहीं. कागदाला आशाही नसते आणि निराशाही नसते.

नोंदीवर याहूनही अधिक अवलंबून असलेला रोग म्हणजे कुष्ठरोग. महाराष्ट्रांत या रोग्यांच्या अंगाला हात लावण्याचीच भीति शतकानुशतकें होती. ती भीति मोडण्याचें काम वर्धा जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर झालें. मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ मध्यें दत्तपूर येथें कुष्ठधाम सुरू केलें. सेवाग्रामला आश्रयास आलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांच्या अंगाला महात्मा गांधी स्वतः मालिश करीत, हें सर्वश्रुत आहे. गांधीजींच्या मागें १९५१ मध्यें वर्धा येथें गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालें. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी तिपेडी कार्यपद्धति त्यानें घालून दिली. सेवेचा हात आधीं आला, आणि त्यामागोमाग पाहणीची वही आली.

या रोगांत हाताच्या परीक्षेचें महत्त्व असें कीं, रोगजंतु मज्जातंतूंवर घाला घालतात व ते जाड होतात. कोपराच्या आंतल्या बाजूस, गुडघ्याखालीं बाहेरच्या अंगास, घोट्याच्या आंतल्या बाजूस मागें आणि मानेच्या बाजूस ते बोटांनीं चांचपतां येतात. चांचपतांना दोन्ही बाजूंची तुलना करावयाची, जाडी पाहावयाची आणि रोग्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवून दाबल्यावर दुखतें काय हें पाहावयाचें असतें. त्याचबरोबर तळहातावर व तळपायावर ठराविक ठिकाणीं हलकें टोंक टेकवून संवेदना पाहतात, आणि डोळा मिटणें, करंगळी बाजूला नेणें, अंगठा उभा करणें, पाऊल वर उचलणें यांवरून स्नायु सशक्त, अशक्त कीं लुळा हें लिहितात.

येथें नोंद नसेल तर काय होतें हें नीट समजून घेतलें पाहिजे. कुष्ठरोगांत मज्जातंतूंचा नाश पुष्कळदां मुळींच न दुखतां होतो. रोगी तक्रार करीत नाहीं, कारण त्याला वेदना नसते. वेदना जाणवून देणारी यंत्रणाच मरत असते. गेल्या महिन्यांत तळहातावरील दहाही ठिकाणें जागीं होतीं आणि या महिन्यांत त्यांतील तीन बधिर झालीं आहेत, ही गोष्ट दोन कागद शेजारीं ठेवल्यावांचून कोणाला कळणार नाहीं. बिघाड सहा महिन्यांच्या आंतला असेल तर योग्य औषधानें मज्जातंतु बऱ्याच वेळां सुधारतो. तो काल निघून गेला म्हणजे सुधारण्याची आशा फार उरत नाहीं. मग बोटें वाकडीं होतात, चुलीवरचें भांडें उचलतांना हात भाजतो तो कळत नाहीं, चालतांना कांटा रुततो तो कळत नाहीं, आणि जखमा होऊन अवयव झडतात. त्या पुढच्या अवस्थेंत हातपाय पाण्यांत भिजवून, जाड कातडी घासून, तेल चोळून बोटें सरळ ठेवण्याचा व्यायाम करावा लागतो. १९८१ पासून अनेक औषधांची संयुक्त योजना आल्यावर जंतूंचा नाश सोपा झाला. तथापि भारतांत अद्याप दरवर्षीं नवे रोगी सांपडतात, आणि त्यांच्या हातापायांचें रक्षण अजून परीक्षकाचीं बोटें आणि त्याचा कागद यांच्यावरच आहे.

चांगली नोंद कशी असावी याविषयीं १९६८ मध्यें अमेरिकेंतील डॉ. लॉरेन्स वीड यांनीं एक सुटसुटीत व्यवस्था मांडली, आणि मर्दन व फिजिओथेरपी यांच्या शाळांनींही ती पुढें उचलली. तिचे चार भाग आहेत: रोग्यानें काय सांगितलें, परीक्षकाला काय आढळलें, त्यावरून काय अनुमान काढलें, आणि पुढें काय करण्याचें ठरलें. मागें सांगितलेली ‘वाटी सरकली’ या शब्दाची गांठ येथें सुटते. ‘पोटांत दुखतें व भूक लागत नाहीं’ हें रोग्याचें बोलणें. ‘बेंबीच्या डाव्या बाजूस दोन बोटें अंतरावर दाबतां पोट ताठतें’ ही हाताची साक्ष. आणि त्याचें कारण काय हें परीक्षकाचें मत. मत चुकलें तरी साक्ष शिल्लक राहते, आणि पुढचा परीक्षक त्याच साक्षीवरून दुसरें मत बनवूं शकतो. पुष्कळ कागदांवर ‘पाठ धरली होती, मालिश केली, बरें वाटलें’ इतकेंच लिहिलेलें असतें. त्यांत कोणती बाजू, कोणती जागा, कातडी ऊन कीं थंड, स्नायु मऊ कीं ताठ, दाबल्यावर कळ तेथेंच राहिली कीं पायांत उतरली, मान किती वळली, मर्दनानंतर किती वळली, यांपैकीं कांहींच नसतें. असा कागद दुसऱ्या दिवशीं लिहिणाराच्याही उपयोगी पडत नाहीं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. दोन परीक्षकांचे हात एकाच पाठीवरून फिरले तरी त्यांना सारखेंच आढळेल असें नाहीं. अलीकडच्या दशकांत याविषयीं अनेक तपासण्या झाल्या आहेत. दाबल्यावर दुखतें कीं नाहीं याबद्दल दोघांचें बऱ्यापैकीं जमतें. पण अमुक स्नायु ताठ आहे कीं सैल, अमुक मणका सरकला आहे कीं नाहीं, याबद्दल पुष्कळदां जमत नाहीं, असें त्यांत वारंवार आढळून आलें आहे. म्हणून हाताची साक्ष लिहितांना निकोप बाजूशीं केलेली तुलना लिहावी, रोग्याची प्रतिक्रिया लिहावी, जेथें मोजतां येईल तेथें मोजून लिहावें, आणि शंका असेल तेथें शंका लिहावी. हा आक्षेप नोंदीविरुद्ध नसून नोंदीमुळेंच तो उघडकीस आला आहे. दोन हातांचें जमत नाहीं हें, दोघांनींही लिहून ठेवल्यावांचून कळलें नसतें. प्रकृतिस्थ हाताविषयींची चरकाची व्यवस्था येथें नव्या अर्थानें पुन्हां भेटते.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. रोग्याच्या अंगावर काय आढळलें हें त्याचें गुपित आहे. कुष्ठरोग्याच्या कागदावरील एक ओळ शेजाऱ्याच्या कानीं गेली तर त्याचें घर, लग्न, नोकरी सारेंच धोक्यांत येतें. भारतांतील डॉक्टरांसाठीं २००२ मध्यें झालेल्या नियमांनुसार रुग्णालयांत ठेविलेल्या रोग्याचे कागद तीन वर्षें जपावयाचे असतात, आणि रोग्यानें मागितल्यास ७२ तासांच्या आंत द्यावयाचे असतात. म्हणजे लिहिणारा हा नोंदीचा राखणदार असतो. ती वाचण्याचा हक्क रोग्याचा असतो. रोगी हें वाचणार आहे असें समजून लिहिलें म्हणजे भाषा आपोआप स्पष्ट व सभ्य होते. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें फिजिओथेरपिस्टांच्या व्यवसायालाही राष्ट्रीय पातळीवरील नियमनांत आणलें आहे. गांवांतील सुईण, हाडवैद्य, तालमींतील वस्ताद हे मात्र अजून वहीच्या बाहेरच आहेत.

सोनईच्या परिसराला या प्रश्नाची एक विशेष बाजू आहे. तेथें मुळा सहकारी साखर कारखाना आहे, आणि साखर कारखान्यांच्या मुलखांत हंगाम सुरू झाला कीं ऊसतोडणीचीं कुटुंबें बैलगाड्या व ट्रॅक्टरांनीं येऊन पडतात. दिवसभर वांकून कोयता चालवावयाचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरावयाची, आणि हंगाम सरतांच फड उठवून परत जावयाचें. त्यांची मान, कंबर व गुडघे एका गांवीं दुखूं लागतात, दुसऱ्या गांवीं चोळले जातात आणि तिसऱ्या गांवच्या डॉक्टरपुढें येतात. त्यांतील एखाद्या बाईचा हात बधिर होऊं लागला, तर पहिल्या हातानें पाहिलेलें दुसऱ्या हाताला कळण्याचा मार्ग म्हणजे तिच्याजवळचा कागद. स्थिर घरांत राहणाऱ्या माणसाला एकच वैद्य वर्षानुवर्षें ओळखतो. फिरत्या माणसाला त्याची ओळख बरोबर घेऊनच फिरावें लागतें. म्हणून हाताच्या परीक्षेची नोंद साध्या मराठींत, सुवाच्य अक्षरांत, तारीख घालून आणि डावें-उजवें स्पष्ट करून लिहिली जाणें, ही गोष्ट जो सर्वांत गरीब आहे त्याच्याच सर्वांत अधिक उपयोगाची आहे.

स्पर्शाची विद्या महाराष्ट्राला कोणी बाहेरून आणून दिलेली नाहीं. ती सुईणीच्या तळहातांत, वस्तादाच्या अंगठ्यांत आणि वैद्याच्या बोटांत पूर्वींपासून आहे. नव्या काळानें तिला तारीख दिली, आंकडा दिला आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तपासून पाहण्याची शिस्त दिली. ज्या हाताची नोंद झाली, त्याची चूक दुरुस्त करतां येते आणि त्याचें कौशल्य दुसऱ्याला शिकवितां येतें. नोंद न झालेला हात कितीही कुशल असला तरी त्याचा उपयोग त्याच्यासमोर निजलेल्या एका माणसापुरता आणि त्या एका दिवसापुरताच राहतो.